काम आहे, मालक सापडत नाही

तू लिहिलंयस की तुमच्या राजापूरकडच्या गावात बागायतदार सतत ओरडत असतात माणूस मिळत नाही म्हणून, आणि तुझ्याच बॅचची पोरं भिवंडीच्या गोडाऊनमध्ये बारा-बारा तास उभी राहून खोलीभाडं आणि मेस सुटेल एवढंच कमावतात. आणि कॉलेजात प्रोजेक्टला विषय मिळालाय "सन्मानजनक आणि सर्वसमावेशक रोजगारापुढची जागतिक आव्हानं". तर या दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, असा तुझा प्रश्न. आहे, आणि सरळ आहे. फक्त तू जोडलेल्या त्या पीपीटीत तो दिसत नाही, कारण तिथे सगळे आकडे बेरोजगारीचे आहेत.

बेरोजगारीचा आकडा जगभरात साधारण ५ टक्के आहे. तेवढ्यावर बघितलं तर फार काही बिघडलेलंच नाही. पण आयएलओचाच, म्हणजे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचाच, दुसरा आकडा बघ, जगात काम करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांच्या आसपास माणसं, म्हणजे २०० कोटी, अनौपचारिक कामात आहेत, म्हणजे ना करार, ना पीएफ, ना आजारपणाची रजा. गरीब माणसाला बेरोजगार राहणं परवडतच नाही रे, तो काहीतरी करतोच, मिळेल त्या भावात करतो. म्हणून १९९९ मध्ये आयएलओचे तेव्हाचे प्रमुख हुआन सोमाविया यांनी डिसेंट वर्कची, म्हणजे सन्मानजनक कामाची, कल्पना मांडली तेव्हा चार गोष्टी एकत्र धरल्या होत्या: काम मिळणं, कामाच्या जागी हक्क असणं, आजारपण-म्हातारपणाला आधार असणं, आणि मालकाशी बसून बोलता येणं. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास ध्येयांत ते आठव्या नंबरला आलं. एवढं पहिल्या पानावर लिही आणि पुढे जा, त्यात आणखी खोदण्यासारखं काही नाही.

माझं म्हणणं वेगळंच आहे. मी एवढी वर्षं इथे जेटी, काजूचे कारखाने आणि बागा यांच्यात कामगारांचे क्लेम, हिशोब, भांडणं बघतोय, आणि जवळपास प्रत्येक प्रकरण एकाच जागी येऊन अडकतं. काम कुणी करून घेतलं ते सगळ्यांना माहीत असतं, पण "मी मालक" म्हणायला कोणी उभं राहत नाही. जोखीम एकेक पायरी खाली ढकलत आणायची आणि सगळ्यात शेवटच्या माणसाच्या अंगावर सोडून द्यायची, जगभर हेच चाललंय.

बोटीचंच घे. मिरकरवाडा किंवा हर्णैच्या जेटीवर उभा राहिलास तर ट्रॉलर आणि पर्ससीनवर कितीतरी खलाशी नेपाळी दिसतील. ऑगस्टला सिझन चालू व्हायच्या आधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते, ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला. मोबदल्याची पद्धत बोटीगणिक वेगळी, कुठे महिन्याचा पगार आणि रेशन, कुठे पगार अधिक मासळीवर टक्का, कुठे निव्वळ वाटा. माझ्याकडे एक केस आली होती, खलाशाची विंचमध्ये, म्हणजे जाळं ओढायच्या यंत्रात, तीन बोटं गेली. नावमालक, म्हणजे बोटीचा मालक, वाईट माणूस अजिबात नव्हता, स्वतः गाडी करून दवाखान्यात नेलं, बिलही भरलं, पण भरपाईचा विषय काढल्यावर म्हणाला की हा टक्क्यावर आहे, म्हणजे भागीदार झाला, भागीदाराला कसली भरपाई? तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, म्हणाला मी फक्त माणसं गोळा करतो. तांडेलाला माणसं पुरवणारा सीमेपलीकडे, त्याचा फोन लागेना. मासळी उचलणारा एजंट म्हणाला मी मासळीचा व्यवहार करतो, माणसांचा नाही. शेवटी तडजोड झाली, आणि कायद्याने जी रक्कम बसली असती तिच्या जवळपासही ती नव्हती. नुकसानभरपाईची तरतूद १९२३ च्या कायद्यापासून आहे, आता ती नव्या लेबर कोडमध्ये (कामगार संहितेत) गेलीय, आणि ती राष्ट्रीयत्व विचारत नाही, पण समोरचा माणूस तुमचा मालक होता हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि कागद एकही नाही.

आता यात नावमालकाला व्हिलन करून मोकळा होऊ नकोस, प्रोजेक्टवाले नेमकं तेच करतात. त्याने डिझेल, बर्फ, जाळी यासाठी एजंटकडून पैसे उचललेले असतात, त्यामुळे मासळी त्यालाच द्यायची, भाव तोच ठरवणार. एजंटच्या वर प्रोसेसिंगवाला, त्याच्या वर परदेशातला खरेदीदार, जो कधी जेटीवर आलेलाच नाही. वरून भाव दाबला की दाब खाली येतो, आणि खाली म्हणजे कुठे, खलाशाच्या झोपेवर आणि रेशनवर. शिवाय उचल घेऊन पळून जाणारे खलाशीही आहेत, त्यात बुडालेले मालक मी बघितलेत, ते नाकारून चालणार नाही.

नेपाळी माणसाचं आणखी एक वेगळंच. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे यायला-राहायला-काम करायला व्हिसा लागत नाही, चांगलीच गोष्ट आहे. पण आपला स्थलांतरित कामगारांचा कायदा, जुना १९७९ चा घे नाहीतर नवा कोड, बोलतो तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या कामगाराबद्दल. नेपाळ हे राज्य नाही. म्हणजे ओडिशाचा माणूस निदान कागदावर तरी त्या व्याख्येत बसतो, नेपाळी बसतच नाही. मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांना ५ लाखांपर्यंतचा अपघात विमा आहे, एक पैसा हप्ता भरावा लागत नाही, पण त्यासाठी इथली मच्छीमार म्हणून नोंद हवी. विंच सगळ्यांची बोटं सारखीच खाते, विमा मात्र कागद बघून मिळतो. तुझ्या विषयात "सर्वसमावेशक" असा जो शब्द आहे ना, त्याची खरी परीक्षा इथे आहे.

थायलंडमध्ये हेच होतं, आणखी वाईट रूपात. तिथल्या बोटींवर म्यानमार, कंबोडियाची माणसं, काहींना तर अक्षरशः विकलेलं. २०१५ ला युरोपियन युनियनने बेकायदा मासेमारीच्या मुद्द्यावर थायलंडला यलो कार्ड, म्हणजे निर्यातबंदीचा इशारा, दाखवलं, निर्यात धोक्यात आली, आणि मग सरकार हललं, बोटी बंदर सोडताना-शिरताना तपासणी, खलाशांची नोंद, आणि २०१९ मध्ये आयएलओचा १८८ नंबरचा मासेमारी कामाचा करार मंजूर करणारा आशियातला तो पहिला देश झाला. यलो कार्डही त्याच महिन्यात उठलं. सगळं आलबेल झालं असं नाही, तिथल्या मालकांनी नंतर नियम सैल करायला जोर लावलाच. पण त्या करारात काय मागितलंय ते बघ: लेखी करार, मेडिकल सर्टिफिकेट, आणि तीन दिवसांपेक्षा जास्त समुद्रात राहणाऱ्या बोटीवर २४ तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्याला ७७ तास. आपल्या देशाने तो करार अजून मंजूर केलेला नाही.

काजूकडे ये. वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग या पट्ट्यात काजू फोडायला, सोलायला, ग्रेडिंगला बहुतेक बायाच. बी उकडायची, कटरवर फोडायची, गर बोरम्यात, म्हणजे सुकवायच्या भट्टीत, सुकवायचा, मग साल काढायची. टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी जळते, काळी पडते, सोलून निघते. ग्लोव्ज दिले तरी बऱ्याच जणी घालत नाहीत, कारण पैसे किलोवर आणि ग्लोव्जने हात मंदावतो, आणि तुकडा जास्त झाला तर पैसे कापणार. सेफ्टीच्या ट्रेनिंगला येणारे अधिकारी दरवेळी म्हणतात की बायकांना जागरूकता नाही. अहो जागरूकता भरपूर आहे, रेट बदला मग बघा. एक बाई मला म्हणाली होती, "हात जळले तरी चलात, पण कारखानो बंद पडाक नको."

आणि कारखाना बंद पडायची भीती खोटी नाही. काजूगर निर्यातीत आज जगात व्हिएतनाम सगळ्यात पुढे, तिथे फोडणी मशीनवर गेली, बी मोठ्या प्रमाणात आफ्रिकेतून येते, आयव्हरी कोस्ट हा सगळ्यात मोठा उत्पादक. तो भाव बघून इथला कारखानदार रेट धरून ठेवतो. पण व्हिएतनामचा काजू नुसता मशीनमुळेच स्वस्त होता असं समजू नकोस, २०११ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने दाखवून दिलं की तिथल्या व्यसनमुक्ती केंद्रात डांबलेल्या लोकांकडून सक्तीने काजू फोडून घेतले जात होते. म्हणजे वेंगुर्ल्याची बाई बाजारात कुणाच्या मजुरीशी स्पर्धा करत होती बघ. यातलं काहीच तिला किंवा तिच्या कारखानदाराला एकट्याने बदलता येण्यासारखं नाही, म्हणून हा विषय जागतिक. परिषदा भरतात म्हणून नाही.

बायांच्या कामाबद्दल एक गोष्ट सांगतो जी कोकणातल्या माणसाला माहीत असायला हवी. आपल्याकडे गिरणीची आठवण सोन्याची आहे. आजोबा-पणजोबा गिरणीत, गावाला मनीऑर्डर, पीएफ, संप करायची ताकद. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि त्यानंतर ते सगळं जग गेलं, कितीतरी चाकरमानी कायमचे गावी परतले. हे सगळे सांगतात. पण त्याच गिरण्यांत एकेकाळी वाइंडिंग-रीलिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, बाया मोठ्या संख्येने होत्या, त्या कुठे गेल्या हे कोणी सांगत नाही. १९२९ ला मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा आला, कायदा चांगलाच होता पण पैसे त्या-त्या गिरणीमालकाने द्यायचे होते. बायांच्या रात्रपाळीवर बंदी, नवी मशिनरी आणि हा खर्च, तिन्ही मिळून मालकांनी बाया घेणं कमी केलं, आणि संपापर्यंत गिरणी म्हणजे पुरुषांचं काम होऊन बसलं होतं.

२०१७ ला आपण तेच पुन्हा केलं, रजा २६ आठवडे केली, ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर, आणि ईएसआयच्या (सरकारी कामगार विम्याच्या) बाहेर असेल तर खर्च पूर्ण मालकाचा. आयएलओचा २००० सालचा बाळंतपणाचा करार स्पष्ट म्हणतो की हा थेट खर्च एकट्या मालकावर टाकू नका, सामाजिक विम्यातून किंवा सरकारी पैशातून द्या. कारण उघड आहे, छोटा मालक बाईच घेणार नाही. मुलाखतीत "लग्न झालंय का" का विचारतात, वाटतं तुला?

तुझ्या पीपीटीत एक स्लाइड आहे की भारतात बायांचा कामातला सहभाग २०१७-१८ मधल्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ ला ४१.७ वर गेला. आकडा बरोबर आहे. पण त्यातली मोठी वाढ गावाकडची आणि स्वयंरोजगारातली आहे, म्हणजे घरच्या शेतीत, दुकानात, बऱ्याचदा बिनपगारी. तारकर्लीला होमस्टे चालवणाऱ्या घरात पहाटे पाचला आंबोळ्या घालणारी सून सर्व्हेत काम करणारी म्हणून मोजली जाते, ते योग्यच आहे, पण गूगल पेचा नंबर नवऱ्याचा असतो. जगभरात घरच्यांची देखभाल करावी लागते म्हणून कामधंद्याच्या बाहेर राहिलेल्या बाया ७० कोटींच्या वर आहेत, पुरुष ४ कोटींच्या आसपास. हे दोन आकडे एकाच स्लाइडवर टाक, फरक आपोआप कळेल.

आंब्याबद्दल थोडक्यात, कारण तुझ्या घरचीच बाग आहे तर तुला जास्त माहीत असणार. १९९० ला रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली आणि कोकणातल्या कितीतरी कातळावर कलमं उभी राहिली. म्हणजे मजुराला काम देण्याच्या योजनेतून बाग झाली, आणि आज त्याच बागेत मजूर मिळत नाही. का, तर मालक मुंबईला, बाग करारावर व्यापाऱ्याकडे, राखणीला नेपाळी कुटुंब झोपडीत, फवारणी तोंडाला रुमाल बांधून. काम वर्षातले काही महिने, झाडावरून पडला तर जबाबदार कोण ते ठरलेलं नाही. असल्या कामाला तुझ्या बॅचचा पोरगा का येईल? तो आळशी वगैरे काही नाही, त्याने हिशोब केलाय. आणि निसर्ग वादळात, ३ जून २०२०, श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या तेव्हा पंचनामे सातबाऱ्यावर झाले. वाडीत चढून सुपारी पाडणाऱ्या माणसाचं उत्पन्न त्याच दिवशी संपलं, पण त्याच्या नावावर झाड नाही म्हणून नुकसानही नाही. हवामान बदल आणि रोजगार असा जाडजूड चॅप्टर लिहितात ना, तो हाच.

मग यावर उपाय काय. माझं मत असं की मालक शोधत बसण्यात आयुष्य जातं, पैसा आधीच कुठेतरी बांधून ठेवायला हवा. जहाजावरच्या नोकऱ्यांत हे काही प्रमाणात जमलंय. दापोली, मंडणगड, खेडकडची किती मुलं जहाजावर जातात. जहाजाचा मालक एका देशात, झेंडा दुसऱ्या देशाचा, मॅनेजर तिसऱ्या, एजंट आपल्याकडे बेलापूरला. जहाज सोडून मालक पळाला तर पगार कोण देणार? वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या नोंदीत २०२४ ला ३०० च्या वर जहाजांवर ३,००० हून जास्त जहाजी असे वाऱ्यावर सोडलेले होते, त्यात सगळ्यात जास्त भारतीय. पण सागरी कामगार कराराने २०१७ पासून नियम केलाय की जहाजावर विम्याचं सर्टिफिकेट लावलेलं हवं, आणि मालक गायब झाला तरी चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी यायचा खर्च त्यातून निघाला पाहिजे. भारताने हा करार २०१५ ला मंजूर केलाय. म्हणून तुझा कोणी मित्र जाणार असेल तर डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्राच्या जहाज खात्याचं, लायसन्स असलेल्या एजंटकडूनच जा म्हणावं, आणि नोकरी लावायचे पैसे मागितले की तिथूनच परत फीर. त्यांना ते पैसे घ्यायचा अधिकारच नाही.

आणि दुसरं उदाहरण तर आपल्या घरचंच. हमालाचा मालक कोण? सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी, दुपारी दुसऱ्याची. तरी महाराष्ट्राने १९६९ ला माथाडी कायदा केला, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही, म्हणजे जास्तीची टक्केवारी, माथाडी बोर्डाकडे भरायची, बोर्ड हमालाला मजुरी देणार आणि पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना बघणार. कायमचा मालक नसतानाही हमालाला म्हातारपणी पैसे मिळाले. पुढे त्यात बोगस टोळ्या, वसुली, पुढारीपणा शिरला हे खरंय, पण कल्पना आजही जगात भारी आहे असं मी म्हणतो. केरळात १९८५ पासून मच्छीमार कल्याण निधी आहे, त्यात मासळीच्या व्यापाऱ्यांनाही वर्गणी द्यावी लागते. आपल्याकडे आंब्याच्या पेटीवर, काजूगराच्या किलोवर, निर्यातीच्या मासळीवर, म्हणजे जिथे पैसा एका जागी गोळा होतो तिथेच थोडी लेव्ही घेतली तर माणूस नेपाळचा की लांज्याचा हा प्रश्नच उरत नाही. बागायतदार आणि नावमालक या सूचनेवर माझ्यावर चिडतात, चिडू देत, खरेदीदाराकडून घ्या म्हणतोय मी, तुमच्याकडून नाही.

नवीन लेबर कोडचं विचारशील. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही लागू झाले, २९ जुने कायदे त्यात गेले. नियुक्तीपत्र द्यायचं, किमान वेतन सगळ्यांना, गिग कामगारांसाठी ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे, हे चांगलंच आहे, ती ॲपची तरतूद म्हणजे लेव्हीचाच प्रकार. पण सुरक्षेचा कोड साधारण दहा किंवा जास्त माणसं असतील तिथेच लागतो, आणि फॅक्टरीची व्याख्या विजेवर चालणाऱ्या जागी दहावरून वीसवर नेलीय. आता तूच मोज, एका ट्रॉलरवर माणसं किती असतात आणि घराच्या पडवीतल्या काजू युनिटमध्ये बाया किती. आकडा नऊवर ठेवायला फार डोकं लागत नाही.

अपंग आणि कातकरी यांच्याबद्दल तू विचारलंच नाहीस, पण प्रोजेक्टमध्ये घे. कातकरी कुटुंबं पावसाळ्यात उचल घेतात आणि दिवाळीनंतर वीटभट्टीला जातात, पोरांची शाळा तिथेच तुटते, आणि वेठबिगारीचा कायदा १९७६ चा आहे. अपंगांना सरकारी नोकरीत ४ टक्के आहेत, खासगीत काही सक्ती नाही, पण काजूचं ग्रेडिंग बसून करायचं काम आहे, तिथे जागा होऊ शकते, रॅम्प आणि टॉयलेटचा खर्च सोडला तर.

तुझ्या सर्व्हेचा फॉर्म बघितला. "तुम्ही कामावर समाधानी आहात का" हा प्रश्न काढून टाक, सगळे हो म्हणतात. त्याऐवजी विचार: उचल किती घेतली आणि अजून किती फिटायची आहे, शेवटचं आजारी पडलात तेव्हा ते दिवस कापले का, हिशोबाची वही कुणाकडे असते, अपघात झाला तर पहिला फोन कुणाला कराल. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस किती वेळ थांबतो तेही लिहून ठेव. आणि जूनमध्ये किंवा जुलैच्या सुरुवातीला जेटीवर जाऊ नकोस, १ जून ते ३१ जुलै बंदी असते, खलाशी गावी गेलेले असतात, फक्त मालक आणि जाळी शिवणारे भेटतील. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जा, तेव्हा तांडेल माणसं घेऊन येतात आणि उचल ठरत असते. सोबत नेपाळी बोलणारं कोणीतरी असू दे, तांडेलालाच दुभाषा करू नकोस.